पोटरी दुखते म्हणून अण्णांचं चालणं बंद करू नका

वाचकाचं पत्र (थोडक्यात):

«आमचे अण्णा, म्हणजे माझे सासरे, ६४ वर्षांचे आहेत. बारा वर्षांपासून मधुमेह आहे, गोळ्यांवर आहेत. दिवसाला पंधरा-वीस विड्या ओढतात. गेले आठ महिने घरापासून डेअरीपर्यंत चाललं की उजवी पोटरी आवळून येते. दोन-तीन मिनिटं उभं राहिलं की बरं वाटतं, पुन्हा तेवढंच चाललं की पुन्हा दुखतं. रात्री दुखत नाही, पायाला जखम नाही. आधी मणक्याचा दोष सांगून सहा महिने गोळ्या, कमरेचा पट्टा आणि शेक झाला. मग डॉप्लर (पायातल्या रक्तप्रवाहाची सोनोग्राफी) केलं. उजव्या मांडीतली मुख्य धमनी बऱ्याच लांबीत बंद आहे, बाजूने बारीक वाहिन्या उघडल्या आहेत, असा अहवाल आला. घोटा आणि दंडाच्या दाबाचे आकडे उजवीकडे ०.६३ आणि डावीकडे ०.८९ आहेत. "या आठवड्यात अँजिओप्लास्टी करा, नाहीतर पाय जाईल," असं सांगितलंय. शेजारच्या काकांचा पाय गुडघ्याखाली काढला, ते बघितल्यापासून अण्णा घराबाहेर पडेनात. सासूबाई रोज रात्री त्यांचे पाय कढत पाण्यात बुडवून तेलाने जोरात चोळतात. आम्ही काय करावं?» (एक सून, वाळवा तालुका)

ताई,

तुम्ही लिहिलंय त्यावरून अण्णांचा पाय या आठवड्यात जाण्यासारखी परिस्थिती नाही. फक्त चालताना दुखतं, थांबल्यावर दोन-तीन मिनिटांत शमतं, रात्रीची झोप शांत लागते आणि पावलावर जखम नाही, या चार गोष्टी जोवर अशाच आहेत तोवर विचार करायला वेळ आहे. साधारण तीन महिने आहेत. ते नीट वापरले तर अँजिओप्लास्टी टळण्याची शक्यता चांगली आहे. आजच्या आज बंद करायच्या गोष्टी दोनच: कढत पाणी आणि विडी. चालणं मात्र बंद करायचं नाही, उलट वाढवायचं आहे. पायात रक्त कमी पोचत असताना चाला असं सांगणं घरच्यांना पटत नाही, म्हणून त्याचं कारण खाली नीट सांगतो.

आधी निदान. मणक्यातली नस दबली की चालताना पाय दुखतात, म्हणून घोटाळा होतो. पण मणक्याच्या माणसाला नुसतं उभं राहूनही दुखतं, आराम पडायला बसावं किंवा पुढे वाकावं लागतं, आणि दुखणं सुरू होण्याचं अंतर रोज बदलतं. सायकलवर तो मैलभर जातो, कारण तिथे कंबर वाकलेली असते. धमनीच्या दुखण्यात नुसतं उभं राहणं पुरतं आणि अंतर जवळपास ठरलेलं असतं. अण्णांची पोटरी डेअरीपाशीच आवळते ती त्यामुळे. चढावर किंवा भरभर चाललं तर ती आणखी आधी आवळेल. मधुमेहात नसा खराब झाल्या की दोन्ही पावलांची आग होते, मुंग्या येतात, आणि तेही रात्री जास्त; त्याचा चालण्याशी संबंध नसतो. शिरा फुगलेल्या असतील तर संध्याकाळी पाय जड होतो, सुजतो, वर ठेवला की हलका वाटतो. रात्री झोपेत पोटरीत वांब येतो तोही निराळा. अर्थात ६४ व्या वर्षी बारा वर्षांच्या मधुमेहाबरोबर यातली दोन-दोन दुखणी एका पायात असू शकतात, म्हणून पहिल्या डॉक्टरांना फार दोष देऊ नका. पण पावलावरची नाडी हाताने बघितली असती तर सहा महिने वाचले असते, हेही खरं.

ही नाडी तुम्हालाही बघता येईल. पावलाच्या वरच्या बाजूला, अंगठा आणि शेजारच्या बोटाच्या मधल्या रेषेत साधारण मध्यावर दोन बोटं अलगद ठेवा. दुसरी जागा आतल्या घोट्याच्या मागच्या खळग्यात आहे. दाबलंत तर नाडी बुजेल, नुसती बोटं टेकवायची. वरची नाडी काही निरोगी माणसांनाही जन्मतःच लागत नाही, म्हणून तेवढ्यावरून घाबरायचं नाही. दोन्ही जागी नाडी नाही आणि पोटरी दुखते, असं असेल तर मात्र तपासणी हवीच.

आता अहवालातले आकडे. घोट्याच्या धमनीतला वरचा दाब भागिले दंडातला वरचा दाब, एवढाच तो हिशेब. दंडात १४० आणि उजव्या घोट्याला ८८ असेल तर ८८ भागिले १४० म्हणजे ०.६३. साधारण १.०० ते १.४० ठीक, ०.९१ ते ०.९९ काठावर, ०.९० किंवा त्याखाली असेल तर धमनीचा आजार नक्की. ०.४० च्या खाली गेलं की काळजी वाढते. अण्णांचा उजवा पाय ०.४० ते ०.९० च्या मधल्या गटात बसतो. ही तपासणी माणसाला दहा मिनिटं सपाट झोपवून, दोन्ही दंड आणि दोन्ही घोट्यांवर, हातातल्या डॉप्लर पेनने करायची असते. धावपळ करून आल्या आल्या किंवा घरच्या आपोआप फुगणाऱ्या बीपी मशीनने केली असेल तर आकडा धरू नका, पुन्हा करून घ्या.

डाव्या पायाच्या ०.८९ वर मात्र मी लगेच विश्वास ठेवणार नाही. जुन्या मधुमेहात धमनीच्या भिंतीत कॅल्शियम साचतं, ती कडक होते आणि पट्टा फुगवला तरी दबत नाही. मग आकडा खऱ्यापेक्षा जास्त येतो. काहींचा तर १.४० च्या वर जातो आणि घरच्यांना वाटतं, वा, उत्तम! अशा वेळी पायाच्या अंगठ्याचा दाब मोजतात, कारण बोटातल्या बारीक धमन्या सहसा इतक्या कडक होत नाहीत. अंगठा आणि दंडाचं प्रमाण ०.७० किंवा त्याखाली असेल तर तो पायही आजारी. अण्णांच्या दोन्ही अंगठ्यांचा दाब एकदा मोजून घ्या. सांगली-मिरज किंवा कोल्हापूरला जिथे व्हॅस्क्युलर (रक्तवाहिन्यांचे) सर्जन बसतात किंवा मधुमेही पायाचा दवाखाना आहे, तिथे आधी फोन करून ही सोय आहे का विचारा. सीटी अँजिओग्राफीची (शिरेतून डाय टोचून काढलेले धमन्यांचे सीटी फोटो) घाई करू नका. धमनी कुठे उघडायची किंवा कुठून बायपास करायचा, हे ठरवण्यासाठी ती लागते. काहीच करायचं ठरलेलं नसताना तिचं डाय मूत्रपिंडावर घालण्यात अर्थ नाही.

पाय जाण्याची भीती. फक्त चालताना दुखणाऱ्या शंभर माणसांपैकी पुढच्या पाच वर्षांत पाय कापावा लागतो तो साधारण एक ते तीन जणांचा. मधुमेह आणि तंबाखू दोन्ही असतील तर धोका याहून वाढतो, ते नाकारत नाही. पण याच शंभरांपैकी साधारण वीस जणांना तेवढ्या काळात हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात येतो, ही गोष्ट घरात कोणी बोलत नाही. मांडीतली धमनी ज्या कारणांनी बुजली, त्याच कारणांनी हृदयाच्या आणि मेंदूच्या धमन्याही बुजत असतात. पोटरी दुखणं ही अण्णांच्या सगळ्या धमन्यांबद्दलची सूचना आहे. शेजारच्या काकांचा पाय कशामुळे गेला ते मला माहीत नाही, पण मधुमेहात पाय जाण्याचा नेहमीचा रस्ता चालण्याच्या दुखण्यातून जात नाही. छोटी जखम, तिच्यात जंतू, रक्त कमी असल्याने न भरणं, आणि उशीर, असा तो रस्ता असतो. म्हणून जखम होऊ न देणं आणि झालीच तर त्याच दिवशी दाखवणं, यावर सगळा भर द्या.

मग अँजिओप्लास्टी का नको? कायमची नको असं म्हणत नाही. पायाची अरुंद धमनी नळी घालून उघडण्याची सुरुवात १९६४ साली अमेरिकेत पोर्टलंडला चार्ल्स डॉटर यांनी केली, ती एका ८२ वर्षांच्या बाईंवर. त्यांच्या पायाच्या बोटांना गँग्रीन झालं होतं आणि पाय कापून घ्यायला त्यांनी नकार दिला होता. त्यांचा पाय वाचला. पाय धोक्यात असतो तेव्हा या उपचाराला खरोखर तोड नाही. पण अण्णांची बंद धमनी मांडीतली आहे, आणि बऱ्याच लांबीची आहे. गुडघा वाकवताना, मांडी घालून बसताना ही धमनी पिळली जाते, दबते, ताणली जाते. तिथे लांब स्टेंट (धमनी उघडी ठेवणारी जाळीची नळी) टाकला की वर्ष-दोन वर्षांत बऱ्याच जणांचा पुन्हा अरुंद होतो. कधी तो एकदम बंद पडतो, आणि ज्या बारीक वाहिन्यांनी आज पाय जगवलाय त्यांची तोंडं स्टेंटखाली झाकली गेली असतील तर पाय आधीपेक्षा वाईट अवस्थेत जातो. म्हणजे आज डेअरीपर्यंत चालणारा माणूस उद्या तातडीच्या ऑपरेशनला, असं होऊ शकतं. यासाठी जगभरची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की नुसत्या चालण्याच्या दुखण्यात आधी औषधं आणि चालण्याचा व्यायाम नीट करून बघा. तीन ते सहा महिन्यांनी माणसाचं काम किंवा रोजचं जगणं तरीही अडत असेल तर अँजिओप्लास्टी किंवा बायपासचा विचार करा.

पोटातल्या किंवा जांघेवरच्या मोठ्या धमनीत अडथळा असेल (तेव्हा कुल्ला आणि मांडीही दुखते) तर स्टेंट जास्त टिकतो. तरी अशा रुग्णांवर अमेरिकेत झालेल्या क्लेव्हर या अभ्यासात, ज्याचे निष्कर्ष २०१२ साली आले, सहा महिन्यांनी चालण्याची क्षमता देखरेखीखालच्या व्यायामाने स्टेंटपेक्षा जास्त वाढलेली दिसली. जगण्याच्या समाधानाच्या काही प्रश्नांवर स्टेंटवाले पुढे होते, हेही त्यात आहे. फक्त गुडघ्याखालच्या धमन्यांची अँजिओप्लास्टी नुसत्या चालण्याच्या दुखण्यासाठी कोणी सुचवली तर दुसऱ्या तज्ज्ञाचं मत घेतल्याशिवाय होकार देऊ नका.

आता चालणं. मुख्य पाट बुजल्यावर पाणी बाजूच्या चरांनी जातं, तसं अण्णांच्या पोटरीला रक्त बारीक वाहिन्यांतून मिळतंय. चालण्याने त्या वाहिन्यांना थोडी मदत होते, पण मोठा फरक पडतो तो स्नायूत. मिळेल तेवढ्या रक्तातून प्राणवायू काढून वापरायला पोटरीचे स्नायू शिकतात आणि चालण्याची ढब सुधारते. त्यामुळे तीन महिन्यांनी ०.६३ चा आकडा जवळपास तसाच राहिला तरी निराश होऊ नका. आकडा तोच राहून अंतर दीड-दोन पट झालेले रुग्ण पुष्कळ असतात. दुखतंय म्हणजे आत काहीतरी इजा होतेय, असं अण्णांना वाटत असणार. या दुखण्यात तसं होत नाही, हे त्यांना डॉक्टरांच्या तोंडून ऐकवा.

सुरू करण्याआधी ईसीजी आणि हृदयाची २डी इको करून घ्या. पोटरीमुळे आजवर ते इतकं कमी चालले असतील की हृदयाचा त्रास लपून राहिला असेल. चालणं वाढलं की तो वर येतो. चालताना छाती भरून आली, जबडा किंवा डावा हात दुखला, धाप लागली, तर तिथेच थांबायचं आणि डॉक्टर.

जागा सपाट हवी. शेताचा बांध नको, खडीचा रस्ता नको. शाळेचं मैदान, गावातला काँक्रीटचा रस्ता चालेल. पावसाळ्यात एखाद्या कार्यालयाचा लांब व्हरांडा. पाच मिनिटं हळू चालून अंग मोकळं करायचं. मग अशा वेगाने चालायचं की तीन ते पाच मिनिटांत पोटरी दुखायला लागेल. दुखायला लागताक्षणी थांबायचं नाही, इथेच बहुतेकांचं चुकतं. दुखणं शून्य ते चार असं मोजायचं: एक म्हणजे नुसतं जाणवतंय, दोन म्हणजे त्रास होतोय, तीन म्हणजे आता थांबावं वाटतंय, चार म्हणजे पाऊल टाकवत नाही. दोन ते तीनपर्यंत जायचं, मग थांबायचं, पूर्ण शमेपर्यंत उभं राहायचं किंवा कट्ट्यावर बसायचं, आणि पुन्हा निघायचं. चारपर्यंत खेचायचं नाही. पहिल्या आठवड्यात प्रत्यक्ष चालणं पंधरा मिनिटं झालं तरी पुरे. दर आठवड्याला पाच मिनिटं वाढवत, विश्रांती धरून पाऊण तासावर न्यायचं. आठवड्यातून किमान तीन दिवस, जमलं तर पाच. एका दमात आठ-दहा मिनिटं न थांबता चालता आलं की वेग थोडा वाढवायचा किंवा हलका चढ घ्यायचा, म्हणजे पुन्हा तीन-पाच मिनिटांत दुखेल. हे किमान बारा आठवडे. फरक बहुधा चौथ्या ते आठव्या आठवड्याच्या दरम्यान कळतो आणि नेमके लोक तिसऱ्या आठवड्यात कंटाळून सोडतात. घरातलं कोणीतरी पहिला महिना बरोबर जा. डेअरीपर्यंत फेरफटका मारून येणं म्हणजे हा व्यायाम नव्हे. ठरवून, दुखेपर्यंत, मोजून चालायचं. वहीत तारीख, न थांबता चाललेली मिनिटं आणि थांबे लिहा.

मधुमेहाच्या गोळ्यांत ग्लिमेपिराइडसारखी गोळी असेल तर ती घेऊन उपाशीपोटी चालायला जाऊ नये, साखर उतरते. खिशात साखरेची पुडी किंवा ग्लुकोज ठेवा. पायात बंद, मऊ, बोटांना जागा असलेले बूट आणि सुती मोजे हवेत. मोज्याचं इलॅस्टिक वळ उठेल इतकं घट्ट नको. कडक कोल्हापुरी आणि अंगठ्याची रबरी चप्पल, दोन्ही या पायाला नकोत. घरात घालायला एमसीआर (मधुमेही पायासाठीच्या मऊ) रबराची, मागे पट्टा असलेली चप्पल घ्या. बूट घालण्याआधी आत हात फिरवून खडा आहे का बघायचं. आणि पायाला जखम झाली तर हा व्यायाम त्या दिवसापासून बंद. दुखतंय म्हणून थांबायचं नाही, पण जखम झाली तर एक पाऊलही नको.

औषधं तुमच्या फिजिशियनने ठरवायची, पण काय विचारायचं ते सांगतो. रक्ताची गुठळी रोखणारी एक गोळी लागते: क्लोपिडोग्रेल ७५ मिग्रॅ किंवा ॲस्पिरिन ७५ ते १०० मिग्रॅ, रोज एक. काही रुग्णांत ॲस्पिरिनबरोबर रिव्हारोक्सॅबन २.५ मिग्रॅ दिवसातून दोनदा देतात. त्याने हृदयाचा आणि पायाचा धोका कमी होतो, पण रक्तस्रावाचा वाढतो. पोटात अल्सर किंवा पूर्वी मेंदूत रक्तस्राव झाला असेल तर हे नीट सांगा.

दुसरी गोळी स्टॅटिनची, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणारी, आणि तिच्याबाबत हयगय सर्वांत जास्त होते. "कोलेस्टेरॉल नॉर्मल आलं, गोळी कशाला?" असं म्हणून ती सोडून देतात. धमनी बंद झाल्याचं एकदा सिद्ध झालं की स्टॅटिन कोलेस्टेरॉल कितीही असलं तरी लागते, आणि पूर्ण डोसमध्ये: ॲटोरव्हास्टॅटिन ४० ते ८० मिग्रॅ किंवा रोझुव्हास्टॅटिन २० ते ४० मिग्रॅ. एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) ७० च्या खाली हवं, ५५ च्या खाली आलं तर उत्तम. या गोळीने कधी अंग दुखतं, पण ते दोन्ही मांड्या, दोन्ही खांदे, बसल्या जागीही दुखतं. चालल्यावरच एक पोटरी दुखते त्याचा दोष स्टॅटिनला देऊ नका.

चालण्याचं अंतर वाढवणारी गोळी म्हणजे सिलोस्टॅझॉल, १०० मिग्रॅ दिवसातून दोनदा, जेवणाआधी अर्धा तास किंवा जेवणानंतर दोन तासांनी. बरोबर ओमेप्राझोल किंवा क्लॅरिथ्रोमायसिन चालू असेल तर डोस ५० वर आणतात, म्हणून ॲसिडिटीची गोळी चालू असेल तर तीही सांगा. सुरुवातीला डोकं दुखणं, धडधडणं, पातळ शौचाला होणं असं होतं, बऱ्याचदा काही दिवसांत कमी होतं. तीन महिन्यांत अंतर वाढलं नाही तर ही गोळी बंद करायची. आणि हृदयाचं पंपिंग कमी असेल, किंवा हार्ट फेल्युअर कधीही झालं असेल, तर ही गोळी अजिबात द्यायची नसते. इको आधी करा म्हणतो त्याचं हे दुसरं कारण. पेंटॉक्सिफायलिन अजून खूप ठिकाणी लिहून देतात. तिचा फायदा इतका किरकोळ आहे की तिच्यावर पैसे घालू नयेत. "ऑपरेशनशिवाय ब्लॉकेज उघडणारी" सलाइनमधली चिलेशन थेरपी तर घेऊच नका.

रक्तदाब १३०/८० च्या खाली, तीन महिन्यांची सरासरी साखर साधारण ७ च्या आसपास. पायात रक्त कमी म्हणून रक्तदाबाची किंवा हृदयाची बीटा ब्लॉकर गोळी बंद करा, असा जुना समज आहे. हृदयासाठी दिलेली गोळी या कारणाने बंद करायची नसते.

विडीबद्दल पाल्हाळ लावत नाही. वरचं सगळं केलं आणि विडी चालू राहिली तर स्टेंट बंद होतो, बायपास बंद होतो, आणि पाय जाण्याच्या यादीत माणूस वर सरकतो. पंधराची पाच करून फारसा उपयोग होत नाही. विडी सोडून तंबाखू-चुना किंवा मिश्री धरली तर निकोटिन तेच. इतकी वर्षं ओढणाऱ्याला नुसत्या इच्छाशक्तीवर सोडणं कठीण असतं, म्हणून मदत घ्या. सकाळी उठल्यावर अर्ध्या तासात पहिली विडी लागत असेल तर निकोटिनचं च्युइंगम ४ मिग्रॅचं, नाहीतर २ मिग्रॅचं; मधुमेह असल्याने बिनसाखरेचं. ते बडीशेपेसारखं चघळून गिळायचं नाही. हळू चावायचं, जिभेला झिणझिण्या आल्या की गाल आणि हिरडीच्या मध्ये दाबून ठेवायचं, चव गेली की पुन्हा चावायचं. आधी पंधरा मिनिटं चहा नको. तंबाखू सोडण्यासाठी राष्ट्रीय मदतवाहिनीचा मोफत क्रमांक १८००-११२-३५६ आहे.

इथे तरुण वाचकांसाठी एक वेगळी गोष्ट. पंचेचाळिशीच्या आतला, मधुमेह नसलेला, विडी-सिगारेट ओढणारा माणूस तळपाय दुखतोय, बोट निळं पडतंय म्हणत असेल तर तो बर्जर आजार (तंबाखूमुळे हातापायांच्या बारीक धमन्या बुजणं) असू शकतो. त्यात तंबाखू पूर्णपणे सोडणं हाच मुख्य उपचार आहे, आणि तिथे निकोटिनचं च्युइंगमही टाळतात.

आता सासूबाईंची सेवा. त्यांची माया समजते, पण ते कढत पाणी आजपासून नको. ऊब लागली की कातडी आणि स्नायूंना जास्त रक्त लागतं. निरोगी धमनी ते पुरवते, अण्णांची पुरवू शकत नाही. त्यात मधुमेहाने पावलाची जाणीव कमी झाली असेल तर पाणी किती कढत आहे हे त्यांना कळणारच नाही. फोड येईल आणि तो फोड भरणार नाही. हीच गोष्ट गरम पाण्याच्या पिशवीची, शेगडीची, शेकोटीला पाय करून बसण्याची, स्वेदनाची, आणि देवळाच्या तापलेल्या फरशीवर अनवाणी प्रदक्षिणेची. जळवा लावणंही या पायाला नको. थंडीत सैल लोकरी मोजे घाला, पुरे. कोमट पाण्याने पाय धुवायचे असतील तर पाण्यात आधी सासूबाईंनी स्वतःचं कोपर बुडवून बघावं. तेल लावायला हरकत नाही, पण हलक्या हाताने, टाचांना आणि तळव्याला; बोटांच्या बेचक्यात नाही, तिथे ओल राहून कातडी पांढरी पडते आणि फाटते. पाय सुजला म्हणून कोणी घट्ट स्टॉकिंग किंवा क्रेप बँडेज सुचवलं तर आधी घोट्याचा आकडा दाखवा, आधीच कमी असलेलं रक्त पट्ट्याने आणखी अडतं.

रोज रात्री, उजेडात, पाच मिनिटं पाय बघणं हे काम सासूबाईंकडेच द्या. तळवा, टाचेच्या भेगा, प्रत्येक बेचकं, नखांच्या कडा. नखं सरळ कापायची, कोपरे खोदायचे नाहीत. कुरूप झालं तर ब्लेड नाही आणि औषधाच्या दुकानातली कुरुपाची पट्टीही नाही. तिच्यातलं ॲसिड चांगली कातडीही खातं. एक खूण मात्र फसवी आहे. पाय खाली सोडून बसल्यावर पाऊल लालबुंद दिसलं की घरच्यांना वाटतं रक्त छान पोचतंय. त्याच माणसाला झोपवून पाय मिनिटभर वर धरला आणि पाऊल पांढरंफटक पडलं, तर तो लालपणा रक्ताच्या तुटवड्याचा आहे. असं दिसलं तर व्हॅस्क्युलर सर्जनची वेळ पुढची तारीख न बघता लगेच घ्या.

तसंच अण्णा रात्री पावलाच्या दुखण्याने उठायला लागले, पाय खाटेखाली लोंबता सोडल्यावर बरं वाटतं म्हणाले, किंवा आपोआप खुर्चीत बसून झोपायला लागले, तर वर सांगितलेला तीन महिन्यांचा हिशेब रद्द. बोटावर काळा डाग पडला, कुठेही जखम किंवा फोड आला, तरीही रद्द. एक-दोन दिवसांत सर्जनपुढे हजर व्हा, कारण आता अँजिओप्लास्टी किंवा स्वतःच्या पायातली शीर वापरून केलेला बायपास पाय वाचवण्यासाठी लागू शकतो. या टप्प्यावर "मलम लावून बघू" म्हणण्यात गेलेले पंधरा दिवस फार महाग पडतात. आधी एखादं बोट काढायला सांगितलं, तर रक्तपुरवठा तपासला का आणि सुधारता येतो का, हे विचारल्याशिवाय सही करू नका. रक्त आणल्याशिवाय कापलेल्या बोटाची जखमही भरत नाही.

आणि पाय अचानक, तासाभरात, जोरात दुखायला लागला, पांढरा किंवा निळसर, बर्फासारखा गार पडला, बधिर झाला, बोटं हलेनाशी झाली, तर ती त्याच क्षणाची धावपळ. गुठळी अडकलेली असते आणि साधारण सहा तासांच्या आत रक्त सुरू व्हावं लागतं. दुखणं किती वाजता सुरू झालं ते लिहा, व्हॅस्क्युलर सर्जन हजर असलेल्या रुग्णालयाला फोन करून थेट तिथेच न्या. चोळू नका, शेकू नका, पाय उशीवर चढवू नका. सैल सुती कापडात गुंडाळून अंगाच्या पातळीपेक्षा थोडा खाली राहील असा ठेवा. कोणत्या रुग्णालयात रात्रीही सर्जन असतात, हे आजच विचारून भिंतीवर लिहून ठेवा. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत कोणतं ऑपरेशन बसतं, हेही त्याच वेळी तिथल्या आरोग्यमित्राला विचारा.

या आठवड्यात फिजिशियनकडे ईसीजी, इको, एलडीएल, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) आणि तीन महिन्यांची सरासरी साखर करून घ्या, आणि अँजिओप्लास्टी सुचवणाऱ्या डॉक्टरांना समोर बसून तीन प्रश्न विचारा: पाय आज धोक्यात आहे असं अहवालातल्या कशावरून म्हणता? बंद भाग किती सेंटीमीटर आहे? तीन महिने चालण्याचा व्यायाम आणि औषधं करून पुन्हा तपासायला तुमची हरकत का? अंगठ्याचा दाब ३० च्या खाली आहे किंवा अहवालात दुसरं काही गंभीर आहे, असं कारण त्यांनी दाखवलं, तर ते ऐका, आणि तीच कागदपत्रं दुसऱ्या व्हॅस्क्युलर सर्जनला दोन दिवसांत दाखवा. कारण नसेल, तर इको बघून डॉक्टरांनी हो म्हटलं की अण्णांचे बूट आणा आणि वहीत पहिली तारीख टाका.